सुमनआत्याचा व्हिसा आणि बांधावरचं माझं भाषण

हसायचं तर हसा, पण आधी ऐकून घ्या. माझ्या ठणठणीत, धडधाकट आत्याला मी एका दुपारीत मरणाच्या दारात नेऊन उभं केलं. विष घालून नाही हो! आरोग्य विम्याबद्दल बोलून!

मी कॅनडात शिकले आणि शिक्षण संपताच मुळशीत परत आले. तिकडे शिकलेलं इथे लोकांना वाटून टाकायचं, एवढं एकच वेड डोक्यात. व्हिसाच्या नावाने एजंट लोकांना घाबरवून सोडतात, तर आपण फुकट मदत करायची! पहिलं गिऱ्हाईक घरातच मिळालं. कासार आंबोलीची सुमनआत्या. तिची लेक रूपाली कॅनडात, पहिलटकरीण. आईने बाळाच्या आधी यावं आणि चांगलं वर्षभर राहावं, हा तिचा हट्ट. अशा आईवडिलांसाठी तिकडे सुपर व्हिसा असतो. त्यासाठी निदान वर्षभराचा आरोग्य विमा काढायचा आणि कॅनडा सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्यायची. हे सगळं सोपं होतं. अवघड होत्या त्या आत्याच्या म्हशी.

"वरीसभर म्हशीस्नी कोन बघनार? तुजा व्हिसा?" आत्या मला विचारायची. म्हशींची सोय लागल्याशिवाय ती हलणार नव्हती.

शेजारीच तिचे दीर, दत्तूनाना. पण दोघांच्या शेतांमधल्या बांधावरून कित्येक वर्षांचा अबोला! म्हणून आत्याने मला बजावलं होतं, "भावकीत ह्यातलं कायबी बोलायचं न्हाई. मी इमानात बसले की मंग खुशाल बोंबल."

आता मी पडले तत्त्वाची! खोटं बोलणार नाही आणि गुपितही फोडणार नाही. या दोन तत्त्वांच्या मध्ये केवढा खड्डा असतो, हे मला कोणत्याच शाळेत शिकवलं नव्हतं.

आत्याची मुळं इथेच आहेत, ती परत येणार, हे फाइलीत दिसावं म्हणून मी तिच्या जमिनीच्या किमतीचा दाखला जोडायचं ठरवलं. तो लागतोच असं नाही. पण उत्साहाला कोण आवरणार? किंमत काढणाऱ्या माणसाला घेऊन मी थेट शेतात. तो फोटो काढतोय, तोच नाना हजर.

"वैनी जमीन इकतीया व्हय?"

"नाही हो नाना! नुसती किंमत काढायचीय."

"न इकता? कशापायी?"

झाली का पंचाईत! खरं तर बोलायचं, पण व्हिसा म्हणायचं नाही. "आत्याच्या... मेडिकलचं आहे थोडं."

नाना दोन पावलं जवळ सरकले. मला वाटलं, त्यांना विषयात रस आहे! आणि आरोग्य विमा म्हणजे माझा जिव्हाळ्याचा विषय. मी सुरूच झाले. विमा असला की दवाखान्यात ठेवावं लागलं तरी चिंता नाही, मोठं ऑपरेशन करावं लागलं तरी चिंता नाही. श्रोता इतका तल्लीन झालेला पाहून मी सगळ्यात भारी कलमही सांगून टाकलं.

"आणि नाना, समजा काही बरंवाईट झालंच, तर बॉडी विमानाने थेट घरी! घरच्यांना धावपळच नाही!"

नाना मटकन खाली बसले. ज्या बांधावर आत्याला पाय ठेवू देत नव्हते, त्याच बांधावर.

"किती दिसांचं हाय म्हनायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

मला वाटलं, विम्याची मुदत विचारतायत. "सध्या वर्षभर. पुढचं पुढे बघू," मी हसत हसत म्हणाले.

हसत हसत! विचार करा!

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या अंगणात अर्धं गाव. शहाळी, मोसंबी, डोळ्यांना पदर. आत्या आत तव्यावर सुकट भाजत होती. नानांची बायको धावत जाऊन तिच्या गळ्यातच पडली.

"अगं बया! कोन गेलं?" आत्याने घाबरून विचारलं.

"वैनी, आता लपवू नगा," नाना पुढे होऊन म्हणाले. "पोरीनं समदं सांगितलंय. त्यो बांध तुमचा. म्हशी आजपास्नं माझ्या गोठ्यात. तुमी फकस्त उपचार घ्या, पन जमीन इकू नगा."

"उपचार? मला काय धाड भरलीय?"

"वरीसच हाय म्हनं हातात. मंग बॉडी इमानानं..."

आत्याने सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हातात गरम उलथणं. अशा वेळी तत्त्वं कुठे पळतात कुणास ठाऊक! मी एका दमात सगळं ओकले. रूपाली, बाळंतपण, व्हिसा, विमा, दाखला.

मग कुणीतरी आपलं शहाळं हळूच परत पिशवीत घालायला लागलं.

"ए, शहाळं ठिव खाली!" आत्या गरजली. मग पदर खोचून नानांकडे वळली. "नाना, आत्ता काय म्हनलात? बांध माजा?"

"ते... तुमी जानार म्हनून..."

"म्हंजी मी जगले ही माजी चूक झाली व्हय? येवढी मानसं साक्षीला बसल्यात!"

नानांनी गर्दीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि त्यांना हसूच फुटलं. "घ्या वैनी, घ्या. मेल्याला देनार व्हतो, आता जित्याला देतो. म्हशीबी बघतो. पन वरसानं माघारी या मातुर!"

विजय! साक्षात विजय! तपासणीत डॉक्टरांना आत्यात काही म्हणजे काही सापडेना. विमा निघाला, व्हिसा आला आणि बाळाच्या आधी आत्या कॅनडात पोहोचलीसुद्धा. नाना रोज गोठ्यातून व्हिडिओ कॉल लावतात. आधी म्हशी दाखवायच्या, मग नात बघायची.

आणि माझ्या ओट्यावर रांग! उरवड्याहून लोक येतात, भूगावच्या फ्लॅटांमधून येतात. लेकाकडे निघालेले आईबाप, शिकायला निघालेली पोरं. माझी मान ताठ! एवढा गोंधळ घातला तरी लोक विश्वास ठेवतात, म्हणजे माझी तळमळ त्यांच्यापर्यंत पोहोचली असणार! न राहवून मी नानांना तसं बोलून दाखवलं.

"त्यात काय," नाना तंबाखू मळत म्हणाले. "मीच सांगतो समद्यास्नी. म्हनलं, पोरीकडंच जावा, तिला अनुभव हाय."

"व्हिसा काढायचा ना?"

"न्हाई गं. हाकलून दिल्याचा! सोताच्या मर्जीनं कॅनडा सोडून हितं कोन येतंय? आन ज्याला भाईर काढलंय, त्यालाच दार नेमकं कुटं हाय ते म्हाइत असतंय!"