बव्हेरियात कुठे जेवावं, हे मला विचारतात

ख्राइस्टचर्चच्या आमच्या मराठी गोतावळ्यातलं कुणी युरोपला निघालं की त्यांना माझा नंबर दिला जातो. पॅरिसच्या चौकशीला वेगळ्या बाई आहेत, स्वित्झर्लंडला तर निम्मा गोतावळा जाऊन आलाय, पण बव्हेरिया माझ्याकडे. मला कुणी नेमलं ते ठाऊक नाही. फोन येतो, आधी इकडच्या तिकडच्या गप्पा होतात, वाऱ्याला नावं ठेवून होतात, आणि मग खरा प्रश्न येतो: काकू, तिकडे व्हेज मिळतं ना?

मिळतं. मी इथल्या हॉर्नबी भागातल्या एका गोदामाच्या ऑफिसात पगाराचं काम बघते. लंच ब्रेकमध्ये गाडीत बसून, मांडीवर डबा ठेवून मी लोकांना म्युनिक समजावून सांगते. केझेश्पेट्सले मागवा म्हणते. पिठाचे बोटाच्या पेराएवढे उकडलेले तुकडे, भरपूर चीजमध्ये घोळलेले आणि वरून तळलेला कांदा. तो कांदा पाहूनच जिवात जीव येतो. ओबाट्सडा मागवा. मऊ चीज, लोणी, कांदा आणि लाल पूड कालवून केलेलं असतं, ते ब्रेझलला, म्हणजे तिथल्या पिळाच्या खारट पावाला, लावून खायचं. क्नोडल, म्हणजे बटाट्याचा उकडलेला गोळा, मागवण्याआधी मात्र विचारा, कारण त्यावर मांसाचा रस्सा न विचारता ओततात. आणि मांसाहारी असाल तर पांढरं सॉसेज दुपारी बाराच्या आत खा. ते सकाळचंच खाणं आहे, आणि त्याची साल काढायची असते. माझ्या नवऱ्याने ते सालीसकट खाल्लं. समोरच्या टेबलावरचा म्हातारा इतका कासावीस झाला की शेवटी उठून आला आणि सुरीने साल कशी सोडवायची ते दाखवून गेला.

लोक खूश होतात. काकू, केवढं फिरलात तुम्ही, म्हणतात. खरंच फिरलो. आमच्या मुलाने फिरवलं. फक्त तो बरोबर नव्हता.

मुलगा इथलाच, ख्राइस्टचर्चमध्ये जन्मलेला. शिकायला म्युनिकला गेला, तिथेच नोकरी लागली आणि तिथलाच झाला. यात जगावेगळं काही नाही, आम्हीही पुणं सोडूनच इथे आलो होतो. पहिली दोन वर्षं तो नाताळात घरी आला. मग तिकिटं महाग झाली, मग कामं वाढली, मग आम्ही विचारणं सोडलं. दर रविवारचा फोन महिन्यावर गेला आणि मग फोनच्या जागी मेसेज आले. भांडण झालं असतं तर बरं होतं, भांडण मिटवता येतं. आमचं काहीच झालं नव्हतं. मी मेसेज केला की तो दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर द्यायचा, नेमकं आणि नीट, बँकेतला माणूस देतो तसं. तब्येत विचारली की बरी आहे, हवा विचारली की थंड आहे. घरी कधी येतोस या प्रश्नाला तेवढं उत्तर यायचं नाही.

माझी मी समजूत काढली होती. इथे जन्मलेली पोरं अशीच, मराठी समजतं पण बोलत नाहीत, गणपतीला बोलावलं की नाइलाजाने येतात. आपल्या माणसांचा, आपल्या बोलण्याचा, आपल्या सतत खा-खा करण्याचा त्याला कंटाळा आला असेल. वयाबरोबर तो जाईल, असं मला वाटायचं. नवऱ्याला काय वाटायचं ते तो सांगायचा नाही, पण तिकिटं त्यानेच काढली. गेल्या जूनमध्ये, इथे ऐन थंडीत हीट पंप दिवसभर घुरघुरत असताना, आम्ही म्युनिकला निघालो.

निघायच्या आदल्या आठवड्यात मुलाने कळवलं की नेमकं त्याच सुमाराला त्याला कामासाठी बाहेरगावी जावं लागेल, त्याचं घर लहान आहे, तेव्हा आम्ही फ्लॅट भाड्याने घेतलेला बरा. मधे एखाद्या दिवशी जमवतो म्हणाला. खाण्याची मात्र काळजी करू नका, मी सांगत जाईन.

आणि सांगत गेला, हे मान्य करायला हवं. रोज सकाळी मेसेज यायचा. आज या बाजारात जा, दुपारी या गल्लीतल्या खाणावळीत हे मागवा, बाबांसाठी हे, आईसाठी हे, अंडं चालत असेल तर हेही. तव्याएवढं गोड ऑम्लेट फाडून वर साखर भुरभुरलेलं, सोबत आलुबुखाऱ्याचा मुरंबा. एकदा तर त्याने गाडीने तासभर दूरच्या गावात पाठवलं, तिथल्या एका बेकरीत तळलेला पाव मिळतो म्हणून, कडेला जाड आणि मधे इतका पातळ की पलीकडचं दिसेल. उत्तम होतं सगळं. पोराला चव आहे, हे मी नवऱ्याला रोज म्हणायचे.

पण प्रत्येक ठिकाणी मी दाराकडे तोंड करून बसायचे. आम्ही कुठे आहोत, किती वाजता आहोत, पुढ्यात काय आहे, सगळं त्याला माहीत होतं. त्यानेच तर पाठवलेलं. असा माणूस एखाद्या दिवशी मागून येऊन खांद्यावर हात ठेवणारच, याबद्दल मला शंका नव्हती. उंच, सावळा मुलगा आत आला की माझा घास हातातच राहायचा. नवरा एकदा वैतागून म्हणाला की जेवणाकडे लक्ष दे, गार होतंय.

शेवटून दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. उद्या बिअर गार्डनला जा. यू कॅन ब्रिंग युअर ओन फूड देअर.

मी तो मेसेज उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा वाचला. बिअर गार्डन म्हणजे मोठाल्या झाडांखाली मांडलेली लांबलचक बाकं. प्यायला तिथलंच घ्यायचं, पण खायला घरून नेलं तरी चालतं, अशी तिथली जुनी पद्धत. ज्या टेबलांवर कापड घातलेलं असतं तिथे वेटर येतो, बिनकापडाच्या टेबलावर आपला डबा उघडायचा. हे सगळं त्याने खाली समजावून लिहिलं होतं. मला त्यातलं एकच दिसलं. आई, डबा घेऊन ये.

"तो येणार," मी नवऱ्याला म्हटलं. "डब्याचं सांगतोय."

नवऱ्याने चष्मा लावून मेसेज वाचला. "माहिती देतोय तो," म्हणाला. "तू शाकाहारी आहेस म्हणून."

"आईला डबा आण म्हणण्यात कसली माहिती?"

तो चष्मा पुसायला लागला. त्याच्या त्या पुसण्याचा मला त्या दिवशी फार राग आला.

न्यूझीलंडहून मी पिठं, मसाला, तीळ आणि गूळ आणलेच होते. एका मराठी बाईला दहा दिवसांसाठी एवढा शिधा कशाला लागतो, असं तिथल्या कस्टमच्या माणसाने विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. तूप आणता येत नाही म्हणून तिथलं लोणी आणून कढवलं. तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, बटाट्याची कोरडी भाजी, लसणाची चटणी, आणि भाड्याच्या फ्लॅटमधल्या त्या नाजूक काचेच्या शेगडीवर गूळपोळ्या लाटून भाजल्या. लाटणं नव्हतं, बाटलीने लाटल्या. चौघांना पुरेल एवढं केलं, कारण तो लहानपणीही पोळीची संख्या सांगायचा एक आणि खायचा दुसरी.

अकराच्या सुमाराला आम्ही जाऊन बसलो. सावलीतलं, बिनकापडाचं, फाटकातून पटकन दिसेल असं टेबल मी निवडलं. समोरच्या जागेवर माझी पिशवी ठेवली. तिथे टेबलं कुणाच्या मालकीची नसतात, मोकळी जागा दिसली की लोक विचारून शेजारी बसतात. मला विचारलं की मी सांगायचे, सॉरी, आमचा मुलगा येतोय. लोक हसून पुढे जायचे. एक वयस्क जोडपं आमच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलं. त्यांनी घरून आणलेलं कापड पसरलं, त्यावर चीज मांडलं, आणि पांढरा मुळा असा गोल कापला की त्याची लांब स्प्रिंग झाली. त्यावर मीठ टाकून ते मुळ्याला पाणी सुटेपर्यंत थांबले. आमच्याकडे बघून त्या बाईंनी डबा उघडा, उघडा अशी खूण केली. मी मान हलवली आणि घड्याळाकडे बोट दाखवलं.

एक वाजता नवरा सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं पेय घेऊन आला, तीन ग्लास. दोन वाजता मी मुलाला मेसेज केला की आम्ही पोचलोय, फाटकाजवळच आहोत. अर्ध्या तासाने उत्तर आलं. ग्रेट. एन्जॉय. मुळा खाऊन बघा, मीठ लावून, आईला आवडेल.

तेव्हा मला कळलं. पण कळल्यावर लगेच उठता येत नाही. लहान पोरांना घेऊन एक कुटुंब जागा शोधत आलं, आणि मी पिशवी उचलून मांडीवर घेतली. पोरं बसली. मग नवऱ्याने माझ्याकडून डबा घेतला, उघडला आणि सगळ्या टेबलाला वाढलं. पुऱ्या पोरांनी खाल्ल्या, गूळपोळी त्या वयस्क बाईंना इतकी आवडली की त्यांनी कृती विचारली. मी सांगितली. तीळ भाजून कुटायचे, गूळ किसायचा, सगळं नीट सांगितलं. बोलत असताना डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्यांना वाटलं असेल चटणी तिखट आहे. मुळा मात्र मी खाल्ला नाही.

परत आल्यावर फोन सुरू झाले आणि मी बव्हेरियाची काकू झाले. यंदा मे महिन्यात न्यूझीलंडमधल्याच पोरिरुआहून इथे राहायला आलेलं एक तरुण जोडपं घरी आलं. दोघंही पुण्याची. तो विद्यार्थी म्हणून आला आणि आता आयटीत आहे, ती लग्नानंतर आली. जुलैत म्युनिकला जाणार होते. मी त्यांना सगळं सांगितलं आणि निघताना मुलाचा नंबरही दिला. अडचण आली तर असावा, म्हटलं. खरं कारण त्यांना सांगायची गरज नव्हती. आपल्याकडचं कुणी भेटेल, त्याचा आवाज ऐकून येईल, एवढीच आशा होती. तो त्यांनाही एखाद्या खाणावळीचा पत्ता पाठवेल आणि मोकळा होईल, हे मी धरूनच चालले होते.

ऑगस्टमध्ये ती दोघं चॉकलेटचा मोठा डबा घेऊन आली. खुर्चीत नीट बसायच्या आधीच मुलगी बोलायला लागली. दादाने काय केलं नाही आमच्यासाठी, काकू. दोन दिवस सुट्टी काढली. स्टेशनवर घ्यायला आला. तळ्यावर नेलं, भाजलेला मासा खायला घातला. बिअर गार्डनला नेलं, तिथे आमच्याकडची भाकरवडी काढली तर एकट्याने अर्धं पाकीट संपवलं. एक दिवस घरी बोलावून पिठलं-भात केला स्वतः. मोठं घर आहे त्याचं, मस्त बाल्कनी आहे.

"ही वॉज हीप्स ऑफ फन," तिचा नवरा म्हणाला. "आणि मराठी किती छान बोलतो. थोडा अडखळतो, पण आमच्याशी सगळं मराठीतच."

आमच्याशी तो शाळेत गेल्यापासून मराठीत बोललेला नाही. मी चहा ओतत होते, तो ओतून पूर्ण केला. आमच्याबद्दल काही म्हणाला का, असं विचारलं, सहज विचारल्यासारखं.

मुलीने आठवून पाहिलं. खोटं बोलणारी नाही ती. "तसा विषय निघाला नाही, काकू," म्हणाली, आणि मग मला बरं वाटावं म्हणून उत्साहाने पुढचं सांगितलं. "पण आग्रह फार करतो हो. म्हणाला, पुढच्या वेळी याल तेव्हा हॉटेल नको, माझ्याकडेच उतरा."

माझा नवरा खिडकीशी उभा होता. त्याने पडदा उगाच सारखा केला. मी त्या दोघांना चिवडा दिला, फोटो बघितले. फोटोत मुलगा हसत होता, जाडसर झालाय, दाढी ठेवलीय. त्याच्या पुढ्यात भाकरवडीचं पाकीट फाडून पसरलेलं होतं.

ती गेल्यावर नवऱ्याने कप विसळले. मुलाला आपल्या माणसांचा कंटाळा आलेला नाही, भाषेचा नाही, खाण्याचा तर मुळीच नाही. घर लहान नाही, आणि सुट्टी मिळते. माझ्याजवळ जी जी कारणं होती ती त्या पोरीने हसत हसत एकेक करून काढून घेतली, आणि तिला ते कळलंही नाही. उरलो फक्त आम्ही दोघं. तेवढेच त्याला नको आहोत.

"पुढच्या जूनची तिकिटं आत्ता स्वस्त असतात," नवरा नळाकडे बघत म्हणाला.

"नको," मी म्हटलं.

त्याने नळ बंद केला आणि कप पुसून कपाटात ठेवले.