दुप्पट उंचीचा मोदक

निघोज्याच्या आमच्या कारखान्यात पोलाद भट्टीत तापवून कडक करतात. तुकडा जाड असला की भट्टीत जास्त वेळ ठेवायचा, हे तिथे शिपायालाही ठाऊक होतं. पण गणपतीत मालकांनी पाहुण्यांसाठी गेल्या वर्षीच्या दुप्पट उंचीचा उकडीचा मोदक सांगितला आणि कॅन्टीनच्या मावशींनी तो तेवढाच वेळ वाफवला, तेव्हा आम्हा इंजिनिअरांना काहीही खटकलं नाही.

लांबलचक भाषणानंतर मालकांनी सुरी चालवली. पारी आतून कच्ची, सारणाला वाफ लागलेलीच नाही.

“कॅन्टीन दुसऱ्याला देऊन टाकू,” मालक म्हणाले.

“गेल्या साली एवढ्याच वाफंवर शिजला व्हता की,” मावशी पुटपुटल्या.

आठवडाभराच्या आरत्यांनी मी थकलो होतो, म्हणून बोलून गेलो. “साहेब, उंची-रुंदी डबल केली की कातडी चौपट होते आणि पोट आठपट. वाफ शिरणार कातडीतून, शिजवायचं मात्र पोट.”

“मग आधी का नाही बोललात?”

“आमच्याकडे ड्रॉइंग आलं नव्हतं, साहेब.”

पाहुणे हसले, तसे मालकही हसले. कॅन्टीन मावशींकडेच राहिलं. पुढच्या वर्षी मोदक तिप्पट ठरला आणि तो किती वेळ वाफवायचा याचा हिशोब करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.