प्रिंटरच्या पोटातले आमचे कागद

आज हिंजवडीच्या ऑफिसात प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलायचा होता, म्हणून ब्राउझरमध्ये त्याचं सेटिंगचं पान उघडलं. पासवर्डच नव्हता. आत सगळ्यांचे जुने स्कॅन तसेच पडलेले, फाइलींच्या नावांवरूनच कळत होतं: पगाराच्या स्लिपा, कुणाचे रक्ताचे रिपोर्ट, माझा जातीचा दाखला.

शेजारी बसणाऱ्या सिनिअरना दाखवलं. ते म्हणाले, "अहो, तुम्हाला आत्ता कळलं? कंटाळा आला की आम्ही वाचतो."

किळस आली. दुसऱ्याचं पत्र उघडू नये, हे मला आईने शाळेत घालायच्या आधीच घरी शिकवलं होतं. एकही फाइल न उघडता सगळं पुसलं आणि पासवर्ड घातला.

आता त्यांचा मेसेज आलाय, "पासवर्ड पाठवा. टीममध्ये लपवाछपवी बरी नाही."

माझं अप्रेजल तेच लिहितात. तुम्ही काय उत्तर दिलं असतं?