सव्वाशे सीसीचं जादा वर्ष

स्पीडवेच्या मोटरसायकलला ब्रेक नसतो. हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे हे कळल्यावर सगळ्यांनी गृहीत धरलं की मला ठाऊक असेल. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. ती पन्नास सीसीच्या छोट्या गाडीवर बसून मातीच्या लंबगोल ट्रॅकवर निघाली, आणि मी कुंपणापाशी उभ्या असलेल्या शेजारणीला विचारलं, "हिला थांबायचं असेल तर?"

"गॅस सोडायचा."

"आणि एकदम थांबायचं असेल तर?"

शेजारणीने थोडा विचार केला. "एकदम कशाला थांबायचं?"

म्युनिकमधलं भाडं झेपत नव्हतं म्हणून आम्ही एस-बानच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, शेवटच्या टोकाला, एका गावात राहत होतो. मी रोज म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमला कंपनीत जायचे. नवरा एर्लांगेनला पीएचडी करत होता. तो शुक्रवारी संध्याकाळी यायचा. गावात मुलांसाठी तीन सोयी होत्या: फुटबॉल, अग्निशमन दलाचा बालविभाग आणि मोटरसायकल क्लब. फुटबॉल मुलीने दोन वेळा जाऊन सोडला. तिथे फार ओरडतात, असं तिचं म्हणणं होतं. आग विझवण्यात तिला रस नव्हता. शेजारणीचा नवरा क्लबच्या ट्रॅकवर ट्रॅक्टर फिरवून माती सारखी करायचा, त्यामुळे तिसरी सोय आमच्या दाराशी चालत आली.

खेळ समजायला सोपा आहे. चार जण, चार फेऱ्या, फक्त डावीकडे वळायचं. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि डावा पाय जमिनीवर टेकवायचा. त्या बुटाला लोखंडी तळ असतो. मनगटाला एक दोरी बांधलेली असते. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. एक शर्यत साधारण मिनिटभरात संपते. त्यासाठी दिवसभर उन्हात उभं राहायचं असतं.

सासूबाईंना हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा त्या पडद्याच्या फार जवळ आल्या.

"ब्रेकच नाही? अगं, मग बसवून घे ना! तू कशाची इंजिनिअर?"

"ब्रेक बसवला तर खेळू देत नाहीत, आई."

"अहो, ऐकलंत का?" त्या मागे वळून सासऱ्यांना म्हणाल्या. "ब्रेक बसवला तर खेळू देत नाहीत म्हणे."

सासरे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "नियम असेल."

पन्नास सीसीची गाडी क्लबची होती. तिला क्लच नव्हता. गॅस दिला की पळायची. एका मुलाची उंची वाढली की ती पुढच्या मुलाकडे जायची. टाकीवर आधीच्या मुलांनी लावलेले स्टिकर एकावर एक बसले होते. मुलीने त्यावर आपलं एक मांजर चिकटवलं. दहाव्या वर्षी ती सव्वाशे सीसीवर गेली. या गाडीला क्लच होता, आणि सुरुवातीची फीत वर उडाली की तो सोडण्यात अर्धी शर्यत होती. मी एक चौकटीची वही केली. फेरीचा वेळ, मागच्या चक्राचे दाते, हवेचा दाब, मातीचा ओलावा, सगळं त्यात लिहायचे. बाकीचे आईबाप डोक्यात ठेवत होते. माझा डोक्यावर विश्वास नाही, मी वहीवर शिकलेली आहे.

सव्वाशेवर तीन हंगाम झाले. तिसऱ्या हंगामात ती क्लबच्या मुलांत चौथी आली. शरद ऋतूत ट्रेनरने मला विचारलं, "पुढच्या वर्षी अडीचशेवर घ्यायची का? एक गाडी मोकळी होतेय." ट्रेनर सत्तरीकडे झुकलेला, पेशाने वेल्डर. जुन्या पडण्यांमुळे त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता.

मी म्हणाले, "नको. आणखी एक वर्ष सव्वाशेवर राहू दे. पाया पक्का होऊ दे."

तो "जा" म्हणाला, जर्मनमधलं हो, आणि निघून गेला.

हे मी का म्हणाले ते सांगायला हवं. माझे वडील तालुक्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये हेल्पर होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बारावीला मला जेमतेम मार्क पडले. खासगी कॉलेजात पैसे भरून जागा मिळाली असती, पण ते पैसे नव्हते. आणि नातेवाईक म्हणत होते की पोरीला बी.ए.ला घाला. वडील म्हणाले, "आणखी एक वर्ष बस." मी बसले. गल्लीत लोक मला रिपीटर म्हणायचे. दुसऱ्या वेळी सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं. आज मी जे काही आहे ते त्या एका जादा वर्षामुळे आहे, असं मी मानते. तेव्हा माझ्या मुलीलाही ते द्यावं, यात मला काही चूक दिसली नाही. उलट आपण तिला फार मोठी भेट देतोय असं वाटलं.

त्या जादा वर्षात मुलगी पडायला लागली. नेहमी दुसऱ्या वळणावर. वेळही वाढला. मी मागचं चक्र बदललं. कार्ब्युरेटरची जेट बदलली. हवा कमी केली, जास्त केली. हँडल दोन बोटं वर घेतलं. दर शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये मी स्वतः गाडीवर बसायचे, डावा पाय बाहेर काढायचे, कोपर वर उचलायचे आणि बैठक तपासायचे. प्रत्येक वेळी सगळं अगदी जागच्या जागी यायचं. वहीत लिहायचे: बैठक योग्य.

मुलगी मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्ये देते. ती म्हणाली, "आई, गाडी छोटी आहे."

"गाडी छोटी नाही. तू घाई करतेस."

"छोटी आहे."

"मी आत्ताच बसून बघितलं."

पुढे शनिवारी तिचं पोट दुखायला लागलं. रविवारी दुखत नसे. मी तिला ओव्याचं पाणी दिलं आणि वहीत लिहिलं: प्रकृती अस्वस्थ. नवरा शुक्रवारी आला की म्हणायचा, "तिला काहीतरी होतंय." मी म्हणायचे, "अभ्यास कच्चा राहिला की असंच होतं." तो शर्यतीला यायचा तेव्हा बटाट्याच्या तळलेल्या कापांच्या टपरीपाशी पाठ करून उभा राहायचा, त्यामुळे त्याचं मत मी धरत नव्हते.

जुलैमध्ये एका शनिवारी ती चारपैकी तीन शर्यतींत पडली. व्हॅनमध्ये सामान भरताना म्हणाली, "मला आता हे करायचं नाही." रागाने नाही; दूध संपलंय, अशा सुरात. मग पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि तिने दार लावून घेतलं.

मी वही घेऊन ट्रेनरकडे गेले. त्याने ती शांतपणे चाळली. मराठी त्याला येत नव्हती, पण आकडे वाचले. बराच वेळ वाचले. मग वही मिटून म्हणाला, "फ्राऊ इंजिनिअर, गाडी खाली उतरव. आणि बस."

मी व्हॅनमधून गाडी उतरवली आणि बसले. पाय बाहेर काढला, कोपर वर घेतला.

"कसं वाटतंय?"

"एकदम बरोबर."

"गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. मग त्याने मुलीला बाहेर बोलावलं आणि तिला बसवलं. तिचा उजवा गुडघा हँडलला लागत होता. डावा पाय बाहेर काढला की कंबर मागच्या मडगार्डवर जात होती. कोपर वर घ्यायला जागाच नव्हती. ती मान वाकवून बसली होती, लहान मुलांच्या खुर्चीत पाहुण्याला बसवावं तशी.

"आल्झो," ट्रेनर म्हणाला, म्हणजे तर मग. "गाडी चांगली आहे. तुझ्या मापाची आहे. मोठ्या बायकांचं ट्रेनिंग मंगळवारी असतं."

शेजारच्या तंबूतला एक बाप एवढा हसला की त्याच्या हातातला पाना पडला. मुलगी हसली नाही. ती उतरून माझ्याजवळ उभी राहिली, आणि माझी नजर सरळ तिच्या गळ्याच्या हाडावर गेली. माझी उंची चार फूट अकरा इंच. ती नवऱ्याच्या घराण्यावर गेली होती. त्या एका वर्षात मी स्वतः तिच्यासाठी दोनदा नव्या पँट आणल्या होत्या, दोनदा बूट. ते वहीत नव्हतं.

मी ट्रेनरला विचारलं, "तू मागच्या वर्षीच का नाही सांगितलंस?"

"विचारलं होतं. तू नको म्हणालीस. आई तू आहेस."

घरी जाताना मी तिला म्हणाले, "तू मला सांगितलं होतंस."

"पाच वेळा."

"सॉरी."

आमच्या घरात मोठ्यांनी लहानांना हा शब्द म्हणायची पद्धत नव्हती. माझ्या तोंडून तो जरा ऑफिसातल्यासारखा निघाला. ती खिडकीबाहेर बघत होती. "ठीक आहे," म्हणाली, पण ते ठीक नव्हतं हे मलाही कळलं. मी विचारलं, अडीचशेवर एकदा बसून बघशील का; नाही आवडलं तर सोडून दे, मी काही बोलणार नाही. ती म्हणाली, विचार करते. तो विचार तीन आठवडे चालला. त्या तीन आठवड्यांत मी गॅरेजमध्ये गेले नाही.

ट्रेनरने मला गाडीवर बसवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मी वडिलांना फोन केला होता. मला वाटलं, ते तरी मला समजून घेतील. मी सगळं सांगितलं: त्यांनी मला कसं बसवलं, मी हिला कसं बसवलं.

"तुला बसवलं ते मार्क कमी होते म्हणून," वडील म्हणाले. "हिचे पाय लांब झाले. त्यात नापास कुठं झाली ती? गाडी लहान पडली तर गाडी बदलतात. आमच्या वर्कशॉपमध्ये झाडूवाल्यालाबी कळलं असतं."

"हो, बाबा."

"पोरगी बोलती का तुझ्याशी?"

"बोलते. थोडं."

"मग गप बस आता."

चौथ्या आठवड्यात मुलगी हेल्मेट घेऊन व्हॅनपाशी उभी राहिली. अडीचशेची गाडी अजून क्लबात होती. ट्रेनरने ती कोणाला दिली नव्हती. का दिली नव्हती ते त्याने सांगितलं नाही. ही गाडी पेट्रोलवर नाही, मिथेनॉलवर चालते. पहिल्याच वळणावर ती मुलीच्या हातून निसटली आणि मुलगी सरळ ट्रॅकच्या कडेला लावलेल्या हवेच्या गादीत घुसली. उठली, माती झटकली, परत बसली. त्या दिवशी ती सगळ्यांत शेवटची आली, पुढच्या वेळीही. पण कोपर वर होता. व्हॅनमध्ये बसताना म्हणाली, "वही घरी राहू दे." मी वही घरी ठेवली. शनिवारी पोट दुखायचं थांबलं.

अडीचशेवर ती पहिली कधीच आली नाही. दुसऱ्या पूर्ण हंगामाच्या शेवटी, ती सोळाची होताना, ट्रेनरने मुलांना विचारलं, पाचशेवर कोण येणार. ही मोठ्यांची गाडी, वजन कमी आणि ताकद अशी की मी ते आकडे सासूबाईंना कधी सांगितले नाहीत. मी तेव्हा टाकीतलं मिथेनॉल काढत होते. ते तसंच ठेवलं तर कार्ब्युरेटर खातं. मला ऐकू आलं की मुलीने हात वर करून "मी" म्हटलं. आणखी एक वर्ष थांब, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं. मी नळी पुसत राहिले.

थोड्या वेळाने ती कागद घेऊन आली.

"आई, सही लागेल."

"बाबांची घे."

"घेतली. दोघांची लागते."

नवऱ्याची सही खरंच होती, टपरीच्या काउंटरवर केलेली, थोडी तिरकी. मी विचारलं, "तुला जमेल असं वाटतं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "तुला?"

"माहीत नाही."

तिने पेन पुढे केलं. मी हात पँटला पुसले आणि सही केली. अंगठ्याचा काळा डाग कागदावर उमटला. मी म्हणाले, दुसरा कागद आण, हा खराब झाला. ती नको म्हणाली आणि तसाच घेऊन गेली. क्लबच्या सचिवबाईंनी डाग पाहिला, शिक्का मारला आणि पुढच्या पालकांना हाक मारली.