मागचा जिना

"आता मला कोंडा," भाऊ म्हणायचे, छत्री माझ्या हातात द्यायचे आणि आत जाऊन पोरांच्या गादीवर मांडी घालून बसायचे.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा रखवालदाराने अधीक्षकांकडे पाहिलं, अधीक्षकांनी माझ्याकडे, आणि मी छत्रीकडे. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस आपणहून गजाआड जायला निघाला होता. कुलूप लावा, खाली जाऊन चहा घ्या, मी हाक मारली की काढा, एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटी रखवालदाराने कुलूप लावलं. चहा काही कोणाच्या घशाखाली उतरला नाही.

महाड आणि पोलादपूरच्या मध्ये, हायवेपासून थोडं आत, एका संस्थेच्या दुमजली इमारतीत मुलांचं निरीक्षणगृह होतं. अठराच्या आतली, कसला तरी आरोप असलेली आणि निकालाची वाट पाहणारी मुलं तिथे ठेवायची. कोणी मोटरसायकल पळवलेली, कोणी मारामारीत सापडलेली, एखाद्याचं प्रकरण त्याहून वाईट. ती वरच्या मजल्यावरच्या एका मोठ्या खोलीत झोपायची. इमारत त्यांना ठेवण्यासारखी आहे का, हे पाहायला आमची तीन माणसांची समिती होती. निवृत्त डॉक्टरीणबाई, महाडच्या कोर्टात वकिली करणारी मी, आणि हे भाऊ.

आम्ही दोघी नियम वाचून गेलो होतो. माणशी जागा किती, खिडकी केवढी, संडास किती, सगळं पाठ. भाऊंनीही वाचले असणार, पण त्यांची तपासायची रीत एकच. स्वतः आत बसायचं आणि लोक आपल्याला बाहेर कसे काढतात ते बघायचं.

त्या दिवशी त्यांनी हाक मारली आणि रखवालदार धावला. त्याच्या जुडग्यातल्या सगळ्या किल्ल्या एकाच घरातल्या बहिणींसारख्या दिसत होत्या. एक लावून बघ, दुसरी लावून बघ, पहिली परत लाव. घाईत जुडगा हातातून खाली पडला. आत भाऊ शांतपणे एका मुलाला त्याच्या गावचं नाव विचारत होते. बाहेर आल्यावर ते रखवालदारावर रागावले नाहीत. त्यांनी त्याला त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, बांधून दिलेल्या डब्याचा लाल दोरा दिला आणि वरच्या दाराच्या किल्लीला बांधायला सांगितला. घरी पोळ्यांच्या डब्याला दोरा बांधायची पद्धत आहे म्हणून तो त्यांच्याकडे होता, नाहीतर काय केलं असतं कोण जाणे.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर लोक नवरीची साडी बघतात, हे मागचं दार बघायचे. एकदा महाडमध्ये एका लग्नात त्यांनी हॉलवाल्याला मागच्या दाराचं कुलूप काढायला लावलं. हॉलवाल्याला वाटलं, मुलाकडचे कोणीतरी रुसून निघालेत. त्याने बिचाऱ्याने आधी त्यांना आइस्क्रीम आणून दिलं.

डॉक्टरीणबाईंचे गुडघे दुखत म्हणून एकदा आम्ही सगळे महाडजवळच्या सव गावच्या गरम झऱ्यांवर गेलो होतो. कुठल्याही न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही, असा भाऊंचा स्वतःपुरता कायदा. त्यामुळे ते आंघोळ करीपर्यंत वहिनी दाराबाहेर पहारा देत बसल्या. लग्न झाल्यापासून हेच करतेय, असं त्या आम्हाला सांगत होत्या, आणि आतून भाऊंचा हसण्याचा आवाज येत होता. मला तो आवाज अजून आठवतो, कारण निरीक्षणगृहाच्या आवारात ते कधी हसले नाहीत.

तिथे शिरलं की त्यांचा चेहराच बदलायचा. हात पाठीमागे, नजर भिंतीवरून फिरणारी. एकदा त्यांनी भिंतीवरच्या सगळ्या खुंट्या काढून टाकायला सांगितल्या. मग पोरांनी शर्ट कुठे अडकवायचे, असं अधीक्षकांनी विचारलं. भाऊ म्हणाले, घडी घालून उशाला ठेवतील. अधीक्षक हसून आणखी काही बोलणार होते, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहत स्वतःच्या गळ्याभोवती बोट फिरवलं. अधीक्षकांचा रंगच उतरला. खुंट्या त्याच दिवशी निघाल्या. भिंतीला राहिलेली भोकं लिंपली तरी त्या जागा ओल्या दिसत राहिल्या.

अधीक्षक माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. मुलांच्या जेवणात कधी काटकसर केली नाही, आजारी मुलाला स्वतःच्या स्कूटरवरून दवाखान्यात नेलं. पण त्याच्या मनात एकाच गोष्टीची धास्ती होती. पूर्वी वरच्या खोलीला मागे एक दार होतं आणि तिथून खाली जिना होता. एक मुलगा त्या वाटेने पळाला. चौकशी झाली, आधीच्या अधीक्षकाची नोकरी गेली. संस्थेने मागचं दार विटांनी बुजवलं आणि जिना पाडून टाकला. तेव्हापासून वर जायला आणि खाली यायला पुढचा एकच जिना, आणि त्याच्या वरच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं दार.

भाऊंनी जिथे जिथे बोट ठेवलं तिथे तिथे थोडंफार काम झालं. जाळीचं दार आतल्या बाजूला उघडायचं, ते त्यांनी उलटं फिरवून बाहेर उघडणारं करून घेतलं. पण मागचा जिना म्हटलं की अधीक्षक हात जोडायचे. पोरगा पळाला तर मी रस्त्यावर येईन, म्हणायचे.

भाऊ त्यांच्याशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "पळालेला पोरगा पोलीस शोधून आणतील. जळालेला कोण आणील?"

अधीक्षकांनी तेव्हाही हातच जोडले.

महाडच्या माणसाला पाण्याची भीती शिकवावी लागत नाही. सावित्री फुगली, नगरपालिकेचा भोंगा वाजला, की अख्खं गाव एकच काम करतं. खालचं वर नेतं. धान्य, गाद्या, फ्रीज, देव, पोरांची दप्तरं, जे हाताला लागेल ते. मोठ्या पुरात ज्यांनी घरं चिखलाने भरलेली पाहिली त्यांना यात विचार करावा लागत नाही, हात आपोआप चालतात. माझेही चालतात.

त्या पावसाळ्यात नदीने इशाऱ्याची खूण गाठली, भोंगा वाजला आणि निरीक्षणगृहातल्या माणसांचेही हात चालले. सगळे महाडचेच. इमारत उंचावर आहे, तिथे पाणी कधी आलेलं नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मुलं वर, म्हणजे पुरापासून सुरक्षित. आता सामान वर न्यायचं. तांदळाची पोती, जादा गाद्या, भरलेले सिलिंडर, जनरेटरचं डिझेल, सगळं उचलून त्यांनी जिन्याच्या वरच्या चौकात, जाळीच्या दारासमोर नीट रचलं. मध्ये माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट ठेवली.

पाणी ओसरलं आणि रस्ते खुले झाले, तसे आम्ही तिघं तिथे गेलो. सामान अजून तसंच होतं. अधीक्षकांनी ते मोठ्या अभिमानाने दाखवलं. खरं सांगायचं तर पाहताक्षणी मलाही ते शहाणपणाचंच वाटलं. काय व्यवस्थित रचलंय, असं मी डॉक्टरीणबाईंना म्हटलंसुद्धा.

भाऊंनी मधली फट वितीने मोजली. छत्री माझ्याकडे दिली, त्या फटीतून अंग चोरून आत गेले आणि म्हणाले, "कोंडा."

आम्ही खाली आलो. स्वयंपाकघरात बाई दुपारच्या आमटीला फोडणी देत होती. लाल मिरची जरा जास्त जळली आणि खाट उठला. आम्हाला दोन शिंका आल्या, खिडकी उघडली, संपलं. पण जिना धुराड्यासारखा असतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. सगळा खाट वर गेला. आधी मुलांचं हसणं ऐकू आलं, मग खोकणं, मग नुसतंच खोकणं. त्यात एक म्हातारा खोकला होता. भाऊंना दमा होता, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

रखवालदार धावत वर गेला, त्याच्या मागे आम्ही. लाल दोऱ्याची किल्ली पटकन सापडली, कुलूप निघालं. पण दार बाहेर उघडणारं, आणि त्यात मघाशी अंग चोरून जाताना भाऊंचा धक्का लागलेलं वरचं पोतं घसरून नेमकं दारापुढे पडलेलं. दार चार बोटं उघडलं आणि अडलं. आतून मुलं ढकलत होती, बाहेरून रखवालदार पोतं ओढत होता, त्याच्या मागे सिलिंडर, त्याला पाय ठेवायला जागा नाही. जाळीतून बोटं बाहेर आलेली दिसत होती. कोणाची ते कळत नव्हतं.

नुसता मिरचीचा खाट होता. कोणाला काहीही झालं नाही. पण पोतं बाजूला निघून दार उघडेपर्यंत डॉक्टरीणबाई कठडा धरून उभ्या होत्या.

भाऊ सगळी मुलं निघाल्यावर शेवटी बाहेर आले. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. पायरीवर बसले, दम्याचा पंप तोंडात मारला, आणि बराच वेळ श्वास घेत राहिले. समोर पाचावर धारण बसलेले अधीक्षक. भाऊ त्यांना म्हणाले, "पाण्याला भ्यालात, ते बरोबर हाय. पण सगळं वर घेऊन बसलात, उतरणार कुठून?"

परतताना गाडीत मी त्यांना विचारलं, तुम्ही कधी अशी आग पाहिली आहे का. मला वाटत होतं, नोकरीत काहीतरी घडलं असणार आणि त्यापायी हा माणूस असा झाला असणार.

"नाय गो," ते म्हणाले. "बघायची नाय, म्हणून तर चाललंय."

त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कशाचा नादच सोडला. मागचा जिना, बस. आम्ही तिघांनी सहीनिशी कळवलं की जिना होईपर्यंत वरची खोली बंद ठेवा. संस्था म्हणाली, पावसाळ्यानंतर बघू. पावसाळ्यानंतर म्हणाली, मंजुरी यायची आहे. मुलं वरच झोपत राहिली. मधल्या काळात आमच्या समितीची मुदत संपली. मला आणि डॉक्टरीणबाईंना पुन्हा नेमलं, भाऊंना नाही. वयाचं कारण दिलं. कोणाच्या डोक्याला ताप झाला होता ते मला न सांगता कळलं.

मग ते पोलादपूरहून एसटीने यायचे, फाट्यावर उतरायचे आणि निरीक्षणगृहाच्या कुंपणाबाहेर, मागच्या बाजूला उभे राहायचे. आत जायची परवानगी नव्हती. वरच्या खिडकीतून मुलं त्यांना "काका" म्हणून हाका मारायची. तिथून ते थेट माझ्याकडे कोर्टात यायचे, बाररूमच्या बाकावर बसायचे. वीट हलली नाही, एवढंच सांगायचे. माझे पक्षकार त्यांना पक्षकारच समजायचे आणि तुमची तारीख कधी म्हणून विचारायचे.

एक दिवस आले ते उभेच राहिले. भिंत फोडली, म्हणाले. पुढे लोखंडी जिना आला, दार बसलं. ते दर वेळी मला थोडं थोडं सांगत गेले. पायऱ्या रुंद हायत. कठडा बरा हाय. दार बाहेर उघडतं. "आतून एकदा बघून सांग गो मला," शेवटच्या खेपेला म्हणाले. त्यांचा श्वास बोलता बोलता तुटत होता.

आमची पुढची तपासणी ठरायच्या आत ते गेले. घरीच, खुर्चीत. वहिनींनी फोन केला तेव्हा मी कोर्टात उभी होते. मी त्या दिवशी एकही काम धड केलं नाही, आणि आज हे लिहितानाही मला त्यांचा राग येतो, की थोडं थांबायला काय झालं होतं.

तपासणीला आम्ही दोघीच गेलो. वरचं नवं दार मी स्वतः उघडलं. एका हाताने उघडलं. जिना भक्कम होता, रुंद होता, अगदी त्यांनी सांगितला तसा. मी उतरत गेले. खाली शेवटच्या पायरीभोवती वरूनही बंद असा जाळीचा पिंजरा बांधला होता, आणि पिंजऱ्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. मला उतरायची वाट नव्हती. मी आतल्या बाजूने जाळी धरून उभी राहिले.

पलीकडून अधीक्षक आले. हे संस्थेने करून घेतलं, म्हणाले. कुंपणाबाहेरून हे कोणाला दिसू नये म्हणून पिंजऱ्यावर हिरवं कापड लावलंय. किल्ली त्यांच्याकडे असते, आणि ते संध्याकाळी महाडला घरी जातात. मी आवाज चढवला. आत्ताच्या आत्ता कुलूप काढा म्हटलं. त्यांनी ते काढलं, मला बाहेर घेतलं, आणि माझ्यादेखत परत लावलं. नोकरी जाईल हो मॅडम, म्हणाले. वरून लेखी आलं की लगेच काढतो.

मी माझी बॅग घ्यायला पुढच्या जिन्याने परत वर गेले. जाळीपाशी एक मुलगा उभा होता, वर्षभर तिथेच असलेला, खेड्यातला.

"मॅडम, ते काका येत नायत आता?"

मी म्हटलं, त्यांना बरं नाही.

"त्यांना सांगा ना," तो हळू आवाजात म्हणाला, "खाली कुलूप हाय. कापडामुळं त्यांना बाहेरून दिसलं नसंल. त्यांना कळलं की ते काढायला लावतील."

त्याच्या मागे बाकीची मुलं गोळा झाली होती. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"सांगते," मी म्हटलं.