शनिवारी दुपारचं विमान

काहीही ठरवायचं असलं की आमचे कॅप्टनसाहेब म्हणायचे, "एक चक्कर और मारू या." विमान उतरवताना जरा जरी मनासारखं जमलं नाही, तर पायलटनं पुन्हा वर जायचं, आभाळात एक फेरी मारून परत खाली यायचं, अशी त्यांच्या कामाची रीत. ती त्यांनी भाजीबाजारातही आणली होती. मटारच्या एका ढिगाभोवती त्यांनी तीन चकरा मारलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. शेवटी भाजीवाली वैतागली. "भिया, लेना हो तो लो, नी तो आगे बढ़ो!" कॅप्टनसाहेबांनी तिला रीतसर सलाम ठोकला आणि पुढे निघाले. मटार नंतर त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी आणले.

अशी माणसं तुमच्याही कॉलनीत असतील. चालताना त्यांची नजर रस्त्यावर कमी आणि वरच जास्त. आमचे कॅप्टनसाहेब दोनदा उघड्या गटारात पडले, आणि दोन्ही वेळा बाहेर येऊन त्यांनी आधी ढगांबद्दलच काहीतरी सांगितलं.

मी विमानतळावर हवामान कार्यालयात आहे. दर अर्ध्या तासानं वारा, ढग, धुकं बघायचं आणि कळवायचं, एवढंच आमचं काम. पायलटला हे सगळं आता टॅबवर मिळतं. पण कॅप्टनसाहेब इंदूरला विमान घेऊन आले आणि थोडी सवड मिळाली, की दोन जिने चढून धापा टाकत वर यायचे. सगळ्या कंपन्यांचे पायलट मिळून एवढा एकच पायलट आमच्या जिन्याला ठाऊक होता.

"टॅबवर दिसून राहिलाय की वारा," मी मुद्दाम म्हणायचे.

"दिसतो ना. पण ताई, तोंडानं कोणी सांगितला तर जरा अपना लगता है."

मग मी तोंडी सांगायचे. ते डोळे मिटून ऐकायचे, देवळात आरती ऐकावी तसे. त्या दोन मिनिटांत ते आमच्या खोलीत नसत, हे मी शपथेवर सांगेन. पूर्वेचा वारा त्यांचा लाडका. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरतं, त्यामुळे पूर्वेचा वारा असला की पश्चिमेकडून यावं लागतं. "मग देपालपूरची शेतं लागतात," ते डोळे मिटूनच सांगायचे. "थंडीत गहू एवढा हिरवा, की वाटतं पाण्यावरून चाललोय. मग तलाव. डाव्या हाताला एकदम चकाकतो आणि जातो. उजवीकडे दूर बेटमा गाव. मग विमानतळाशेजारची आपली टेकरी. आणि मग घर आलं." छत्तीस वर्षं विमानं उडवलेला माणूस हे पहिल्यांदाच पाहिल्यासारखं सांगायचा, आणि मीही दरवेळी हातातलं काम सोडून ऐकायचे.

मग त्यांच्या कंपनीचे पगार थांबले.

एक महिना, दोन महिने, चार महिने. कंपनीकडून गोड पत्रं यायची, "आपण सारे एक परिवार" वगैरे. परिवारातली माणसं घरभाडं कुठून भरतात, हे पत्रात नसायचं. शेवटी पायलट थांबले. संप हा शब्द कुणी उच्चारला नाही. त्यांच्यात एक नियम आहे: मन ठिकाणावर नसेल तर पायलटनं स्वतःहून तसं कळवायचं आणि विमान हातात घ्यायचं नाही. त्या आठवड्यात एकेकानं कळवायला सुरुवात केली. कुणी ताप लिहिला, कुणी पाठदुखी. कॅप्टनसाहेबांनी मात्र खरं ते लिहिलं. 'माझ्या शेजारी बसणारी को-पायलट चार महिने उसनवारीवर जगते आहे. मला तिची काळजी वाटते आणि माझं लक्ष लागत नाही. सबब मी अनफिट.'

कंपनीनं काय केलं असेल? डॉक्टर धाडला, थेट घरी.

त्या दुपारी मी वहिनींसोबत मटार सोलत बसले होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. डॉक्टर भला माणूस होता, कंपनीनं शहरातूनच गाठलेला. त्यानं ब्लडप्रेशर पाहिलं, डोळे पाहिले, मग संकोचून विचारलं, "सर, नींद वगैरे ठीक आहे ना?"

"झोप लागते. स्वप्न पडतं."

"काय पडतं?"

कॅप्टनसाहेब खिडकीकडे बघत सांगू लागले. "विमान घेऊन इंदूरला येऊन राहिलोय. इंजिनाचा आवाजच नाही. मागे सगळ्या सीटा रिकाम्या. खाली बघतो तर शहर नाही, नुसतं पाणी. पण पाण्याखाली आपले रस्ते दिसतात, आपली कॉलनी दिसते, ही गच्चीवर कपडे वाळत घालून राहिली आहे ते पण दिसतं. मी खाली येतो, आणखी खाली येतो. पण पाणी काही लागत नाही."

"मग?"

"मग सकाळ होते."

मटार सोलायचे थांबले होते. डॉक्टरनं पेन हातात तसंच धरलं होतं. मग त्यानं खाली मान घालून 'फिट' लिहिलं, आणि जाताना कॅप्टनसाहेबांना नमस्कार केला. खोटं तरी कसं लिहिणार होता बिचारा? शरीर ठणठणीत होतं.

दुसऱ्याच दिवशी, मी त्यांच्याकडेच बसले असताना, कंपनीच्या मोठ्या साहेबाचा फोन आला. आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. येत्या रविवारी कॅप्टनसाहेबांना पासष्ट पूर्ण होत होती. पासष्टनंतर प्रवासी विमान चालवता येत नाही, हा कायदा आहे, त्यात एका दिवसाचीही सवलत नाही. शनिवारी दुपारी तीन चाळीसला इंदूरला उतरणारं विमान त्यांच्या आयुष्यातलं शेवटचं, हे कधीपासून ठरलेलं होतं. वहिनी दिल्लीला जाऊन त्याच विमानानं येणार होत्या. त्यांनी महेश्वरी साडीसुद्धा आणून ठेवली होती.

साहेब म्हणाला, सीनियर कॅप्टन कामावर आले तर त्यांचा पगार लगेच. शनिवारचं विमान तुम्हीच आणा. उतरलात की अग्निशमनच्या दोन गाड्या दोन बाजूंनी पाण्याची कमान धरतील, निरोपाचा तो मान तुम्हाला मिळेल.

"आणि माझ्या शेजारी बसेल तिचा पगार?"

"ज्युनियर्सचं पुढच्या टप्प्यात बघू."

"मग मी अजून अनफिट आहे," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

वहिनी त्यांच्यावर कधी चिडलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्या दिवशी चिडल्या. "जन्मभर एकेका उतरण्यासाठी जगलात, आणि शेवटचं असं सोडून देऊन राहिलात? तिलाच विचारा, ती पोरगी पण म्हणेल, सर, जा!"

"तिनं सकाळीच फोन केला होता. म्हणाली, जा."

"मग?"

ते खिडकीशी जाऊन ढग बघू लागले. मग मी तोंड घातलं, ते आठवलं की आजही मला लाज वाटते. म्हटलं, "कॅप्टनसाहेब, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. कोण लक्षात ठेवतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज अगदी मऊ होता. "ताई, तू कधी खोटा वारा सांगितलास?"

मी उठून घरी आले.

शनिवारी विमान रद्द झालं. बाकीची काही विमानं कंपनीनं इकडून तिकडून माणसं आणून चालवली, पण आमच्या वाट्याला कुणी आलं नाही. खाली काउंटरवर लोक भांडत होते, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. मी वर खिडकीशी बसले होते. थंडीतली दुपार, स्वच्छ ऊन, धावपट्टीवर चिटपाखरू नाही. साडेतीनला टेबलावरचा फोन वाजला.

"ताई, गच्चीवर आहे. वारा सांगतेस?"

मी समोरची नोंदवही ओढली. मग मी घसा साफ केला आणि येणाऱ्या विमानाला देतात तसा सगळा अहवाल दिला. वारा सत्तर अंशांवरून, आठ नॉट. नजर दूरवर पोचते. ढग नाहीत. शेवटी म्हटलं, "पूर्वेचाच आहे."

"हव. मग पश्चिमेकडून येतो."

त्यांनी फोन ठेवला नाही. कबुतरांचा आवाज येत होता, खालच्या गल्लीत कुणी सायकलची घंटी वाजवत होतं. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मध्येच हळू आवाजात, "गहू." बऱ्याच वेळानं, "तलाव." मी खिडकीतून पश्चिमेकडे बघत होते. तुम्ही हसाल, पण मी त्या रिकाम्या आभाळात खरोखर विमान शोधत होते. घड्याळात तीन एकोणचाळीस झाले. मग चाळीस.

"उतरलो," ते म्हणाले.

माझे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, "कसं झालं?"

"जरा आपटलं."

"वारा आडवा झाला असेल, कॅप्टनसाहेब."

"नाही ताई. वारा सरळ होता," ते म्हणाले. "माझा हात हलला."