मिस लेटींची पायरी

मिस लेटी रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शेंगा विकत. १९८० साली आमच्या यांना कापडगिरणीत नोकरी लागली आणि आम्ही नॉर्थ कॅरोलिनातल्या त्या लहानशा गावात राहायला गेलो. बाकीची आपली माणसं तिकडे कॅरी शहरात, दीड तासावर. गावात मराठी आम्ही दोघंच. एका शनिवारी गाडीतून जाताना मला शेंगांचा वास आला आणि मी यांना गाडी थांबवायला लावली. जाड भिंगाचा चष्मा लावलेली एक काळी म्हातारी पातेल्यापाशी बसली होती. मी शेंग सोलून तोंडात टाकली. मीठ अगदी आई घालायची तेवढंच. माझे डोळे भरून आले.

"एवढ्या वाईट झाल्यात का?" म्हातारीनं विचारलं.

तिकडे मोठ्या बाईला नावाआधी मिस लावून हाक मारतात, लग्न झालेलं असो नसो. आपण मावशी म्हणतो तसं. म्हणून त्या मिस लेटी. पुढे त्या मला परसातली भेंडीही देऊ लागल्या. मी आले की पातेलं सरकवून म्हणायच्या, "बैस हनी, आणि रडू नकोस. गिऱ्हाइकं पळतात."

१९८६ मध्ये गावाला शंभर वर्षं झाली. गाडी थांबेनाशी झालेलं जुनं स्टेशन रंगवून तिथे जुन्या इमारतींच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. कोर्टाचं घड्याळ, गिरणीची चिमणी, औषधाचं दुकान, कोणाकोणाचे व्हरांडे, सगळ्यांचे फोटो जमले. रुळांच्या पलीकडे काळ्या लोकांची वस्ती होती. काळ्या-गोऱ्यांनी वेगळं राहण्याचा कायदा केव्हाच गेला होता, पण घरं जिथल्या तिथेच होती. त्या बाजूचा एकही फोटो आला नाही.

"स्टुडिओवाला रूळ ओलांडून यायचा नाही," मिस लेटी म्हणाल्या, "आणि आमच्यात कॅमेरा होता कोणाकडे?"

त्यांना एकच फोटो हवा होता. त्यांच्या वस्तीच्या शाळेचा. वस्तीनं स्वतः विटा वाहून ती बांधली होती. त्यांचे यजमान आयझाया तेव्हा सोळा वर्षांचे, गवंडीकाम शिकत होते. दारावरच्या दगडात शाळेचं नाव त्यांनी कोरलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मास्तरीणबाईंनी कागदावर काढून दिलेली अक्षरं बघून बघून त्यांनी ती खोदली. मिस लेटी त्याच शाळेत शिकल्या, आणि पुढे चाळीस वर्षं त्यांनी तिथे झाडलोट केली. मग शाळा बंद पडली आणि १९८३ मध्ये ती पाडली. आता तिथे गाड्या लावतात. दगड कुठे गेला कोणाला ठाऊक नाही.

हे ऐकताना मला आठवलं, त्या दारात मी उभी राहिले होते.

घरी पाठवायला फोटो काढायची तेव्हा आपल्या लोकांत रीतच होती. पुष्कळ जण दुसऱ्याच्या चकचकीत गाडीला टेकून काढत. यांना ते पटेना. आमच्या गाडीचं दार गंजलेलं. मग गावात नवीन असतानाच यांना विटांची एक इमारत दिसली, पांढरं दार, वर घंटा. घंटा बघून मला वाटलं चर्च आहे, दारावरची अक्षरं मी वाचलीच नाहीत. देवाचं ठिकाण म्हणून मी चपला गवतात काढल्या आणि हिरवी साडी सावरून पायरीवर उभी राहिले. निगेटिव्ह घर बदलताना हरवल्या. फोटो तेवढा कराडला, माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे.

मी माझ्या भावाला, नंदूला, पत्र टाकलं. दर शनिवारी मिस लेटी विचारायच्या, "काय गं, तुझ्या इंडियातून आलं का काही?" सहा आठवड्यांनी पाकीट आलं. फोटो वरून आणि दोन्ही बाजूंनी कात्रीनं कापलेला. मी, माझ्यामागे दाराच्या फळ्या, पायाखाली पायरी. एवढंच.

नंदूनं लिहिलं होतं, "ताई, अण्णांनी तो तेव्हाच कापला होता. वरच्या खिडकीची काच फुटलेली दिसत होती. लोक म्हणाले असते, जावयानं पोरीला कुठल्या पडक्यात नेऊन ठेवलंय. म्हणून तुझ्यापुरता ठेवून देवाजवळ लावला. तुझं पत्र आल्यापासून अण्णा नीट जेवत नाहीत."

दोन दिवस तो फोटो मी देवापुढे ठेवला. न्यायचा धीर होईना. शेवटी नेला आणि झालं ते सगळं सांगितलं.

मिस लेटींनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना रागावू नकोस. माझी पोर असती तर मीही कापला असता." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "चपला कुठेत तुझ्या?"

मी सांगितलं.

"चाळीस वर्षं मी ती पायरी पुसली," त्या म्हणाल्या. शेंगांचं पाणी उतू गेलं तरी उठल्या नाहीत.

तो फोटो घेऊन आम्ही दोघी स्टेशनवर गेलो. कमिटीच्या बाई बोलायला फार गोड. "साडी किती सुंदर आहे," त्या मला म्हणाल्या, "पण यात इमारत कुठे आहे?"

"हिच्या पायाखाली," मिस लेटी म्हणाल्या.

बाई हसल्या. इमारत ओळखू यायला हवी, असा नियम असल्याचं त्यांनी सांगितलं आणि फोटो मिस लेटींच्या हातात परत दिला. मी तिथे काही बोलले नाही. इंग्रजी येत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, सहा वर्षं झाली होती. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

प्रदर्शन झालं. मिस लेटी बघायला गेल्या नाहीत. फोटो त्यांच्याकडेच राहिला. पुढच्या फेब्रुवारीत त्या वारल्या.

त्यांच्या चर्चमध्ये अंत्यविधीला चार पानांची पुस्तिका छापून वाटतात, गेलेल्या माणसाची हकिगत आणि फोटो. बाकावर बसून मी ती उघडली. लग्नातल्या मिस लेटी, शेंगांच्या पातेल्यापाशी मिस लेटी, आणि मागच्या पानावर मी, हिरवी साडी, अनवाणी. खाली छापलं होतं, "आमची शाळा. आयझाया यांनी दारावर नाव कोरलं. लेटी यांनी पायरी स्वच्छ ठेवली." शेजारच्या बाईंनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझा हात हातात घेतला. मला रडू आवरेना.

घरी येताना मी दोन पुस्तिका मागून घेतल्या. एक देवघरात ठेवली. दुसरी कराडला पाठवली. सोबत पत्र लिहायला बसले, पण काय लिहावं सुचेना. शेवटी पाकिटावर पत्ता घातला आणि आत एका चिठ्ठीवर एवढंच लिहिलं, "अण्णा, जेवत जा. आणि हा कापू नका."